दोरीनं बांधलेला आरा

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।

बाभूळवाडी, ता. हिंगोली
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९४८

ती. माणिकदादांस,

यशोदेचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, मेंढरं धरून. तिकडे वहिनीसाहेब आणि लेकरं खुशाल असतील. तुमच्या पत्रावर इंग्रजी तारीख होती म्हणून मीही तीच घातली. शाळेतल्या मास्तरांना विचारून घातली आहे, तेव्हा चुकली असेल तर ती त्यांची चूक. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, पत्र मी लिहून देतो." मी म्हटलं, मला लिहिता येतं. ते हसले. तुम्ही हसू नका. तुम्ही एकदा माझ्या हातच्या कामाला हसला आहात, ते मी विसरलेली नाही.

आणि ही अक्षरं तुमच्याच वर्गातली आहेत. मल्हारी तुमच्याकडे देवळात शिकायचा आणि दुपारी मेंढरं सावलीला बसली की भाकर घेऊन गेलेल्या मला काठीनं मातीत काढून दाखवायचा. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा हा माझा दीर सहा वर्षांचा होता. त्याचं नाक मी पुसलेलं. आणि तोच माझा गुरुजी झाला! ढ काढला की म्हणायचा, "ह्यो ढ बघ वैनी, म्हंजी तू." झ मला काही केल्या जमेना. त्याचं पोट कुठं आणि शेपूट कुठं, सगळा घोळ. तेव्हा त्यानं एका कोकराला पकडून आणलं, त्याला आडवं धरलं आणि म्हणाला, "हे असं. डोकं हिकडं, पाय हिकडं." कोकराचा आणि झ चा काय संबंध, ते मला आजही कळलेलं नाही, पण झ मात्र त्या दिवशी जमला. या पत्रात जिथं जिथं झ येईल तिथं नीट बघा, सरळ आहे की नाही.

बोलते तसं लिहीत नाही, त्याचंही कारण तोच. म्हणायचा, बोलायचं आपल्यासारखं आणि लिहायचं पुस्तकासारखं.

बाकी बातम्या अशा. ज्वारी चांगली उगवून आली आहे. पाटलांच्या दोन वावरांत आमची मेंढरं खतासाठी बसवली होती. ते झालं आणि आमच्या घरचे मालक, म्हणजे दगडोबा, कळप घेऊन वऱ्हाडाकडे गेले. मागच्या आठवड्यात निरोप घेऊन ग्यानबाकाका आले होते. त्यांनी सांगितलं ते तुम्हाला सांगते. निजामाचा करोडगिरी नाका, जिथं जकात घ्यायचे तो, आता ओस पडला आहे, दांडी काढलेली, शिपाई नाही, कारकून नाही. हे कळप घेऊन तिथं पोचले आणि मेंढरं सवयीनं थांबली. दांडी नाही, कोणी नाही, तरी पुढची मेंढी पाय उचलीना. यांनी शेवटी तिला उचलून पलीकडे ठेवलं, तेव्हा बाकीची गेली. माणसांनी सप्टेंबरातच उड्या मारल्या, पण जनावराला राज्य बदललेलं कळायला वेळ लागतो.

आता तुमच्या कागदाचं.

तुम्ही लिहिलंत की चंपाषष्ठीला नाक्यावरच्या लिंबाखाली दगड बसवायचा आहे आणि त्यावर मल्हारीचं नाव घालायचं आहे. वाचून ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, मी रडले. सासूबाईंनी विचारलं, "काहून रडून राहिली?" मी म्हटलं, लोकर डोळ्यांत गेली.

पुढं तुम्ही लिहिलंत की उत्तमराव समितीत आले आहेत आणि त्यांनी हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, त्या दिवशी ते नाक्यावर कारकून म्हणून खिडकीत बसले होते आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, पोरगा झेंडा उतरवत होता. भेदरून झेंडा उतरवणाऱ्याला हुतात्मा कसं म्हणायचं? म्हणून तुम्ही घाईनं एक जबाब लिहून पाठवलात, "मल्हारी हा नाक्यावर झेंडा फडकावीत असताना गोळी लागून धारातीर्थी पडला." खाली एका बाजूला सासूबाईंच्या अंगठ्याला जागा आणि दुसऱ्या बाजूला माझ्या.

दादा, पहिली गोष्ट, मी अंगठा देत नाही, सही करते. आणि दुसरी गोष्ट, या कागदावर सहीही करत नाही. कागद परत पाठवला आहे. अक्षर सुरेख आहे, शाई चांगली आहे, पण एक शब्द चुकला आहे.

सासूबाईंना मी तो अजून वाचून दाखवलेला नाही. त्या ओसरीवर रहाटावर लोकरीचं सूत काततात आणि पाणी भरायला जाणाऱ्या बायांना थांबवून सांगतात, "माजं पोरगं झेंडा चढवताना गेलं." रोज सांगतात. मी तिथंच लोकर पिंजत असते. खाली मान घालून पिंजते.

लिहायला लागलं की सुचत जातं, पण आज इतकंच. पोरीला दाढा येत आहेत, ती किरकिर करते आहे.

तुमची मानलेली बहीण,
यशोदा


बाभूळवाडी
शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९४८

ती. माणिकदादांस नमस्कार.

तुमचा माणूस शंकरसिंग काल पत्र घेऊन आला. भला माणूस आहे. उन्हातून आला, तांब्याभर ताक प्यायला आणि म्हणाला, "साहेब लई तकलीफमधी हायेत, बाई. दस्तखत करून टाका." मी म्हटलं, तुमच्या साहेबांची तकलीफ मला माहीत आहे.

तुम्ही रागावला आहात. रागावा. "एका शब्दाच्या हट्टापायी पोराचं नाव दगडावरून जाईल, मग जन्मभर पस्तावाल," असं तुम्ही लिहिलंत. दादा, पस्तावा कसा असतो ते मला तुम्ही शिकवू नका, त्यात मी तुमच्या पुढच्या वर्गात आहे.

सरळ लिहिते. उत्तमराव खरं बोलत आहेत. हीच मोठी पंचाईत आहे. त्या माणसानं जन्मात किती खरं सांगितलं असेल कोण जाणे, पण हे सांगितलं. मल्हारी झेंडा उतरवत होता.

आणि हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटतं की मला माहीत नाही. ग्यानबाकाका त्या सकाळी ओढ्याच्या काठी मेंढरं राखत होते, ते तुम्ही विसरलात. झेंडा लागला, घोषणा झाल्या, तुम्ही वीस-बावीस जण ओढा ओलांडून वऱ्हाडच्या हद्दीत पोचलात. मल्हारीही पोचला होता. पाय ओले, हसत होता. मग एकाएकी थांबला आणि मागे फिरला. तुम्ही त्याचं मनगट धरलंत. म्हणालात, "येडा झाला का? काहून मागं फिरून राहिला?" तो काहीतरी बोलला आणि त्यानं मनगट सोडवून घेतलं. काय बोलला ते काकांना ऐकू आलं नाही. तुम्हाला आलं असणार. वर्ष होत आलं, तुम्ही ते कुणाला सांगितलेलं नाही आणि मीही तुम्हाला विचारलेलं नाही.

आता विचारत नाही, सांगते. तो म्हणाला असेल, "वैनीचा रहाट ऱ्हायला." किंवा असंच काही. तुम्हाला त्याचा अर्थ लागला नसेल. तुम्हाला वाटलं असेल, पोरगं भ्यालं, डोकं फिरलं, आणि आपण हात सोडला. म्हणून तुम्ही "फडकावीत असताना" लिहिलंत. त्याची आणि तुमची, दोघांचीही झाकपाक.

त्याचा अर्थ मी लिहीन. पण तुमच्या आधी दोन माणसांना तो सांगायला हवा. एक वऱ्हाडात मेंढरांमागे आहे, दुसरी माझ्यासमोर बसली आहे. उद्या पोरीला कडेवर घेऊन निघते. समितीला म्हणावं, थांबा. दगड काही पळून जात नाही.

यशोदा


बाभूळवाडी
रविवार, २८ नोव्हेंबर १९४८

ती. माणिकदादा,

खुशाली पहिल्या पत्रात विचारली होती, आज थेट सुरुवात करते.

तुम्ही आमच्याकडे झेंडा शिवायला दिलात तो दिवस आठवा. मागच्या चंपाषष्ठीच्या आधीचे चार दिवस. शहरातून झेंडा आणायची सोय नव्हती. ज्याच्याजवळ सापडला त्याचं घर पेटलंच म्हणून समजा, असे ते दिवस. तुम्ही म्हणालात, वर भगवा, मध्ये पांढरा, खाली हिरवा. भगवा सासऱ्यांच्या जुन्या पटक्याचा निघाला, पांढरा मल्हारीच्या धोतराचा, हिरवा माझ्या लुगड्याचा. आणि जाताना तुम्ही उंबऱ्यातून सांगितलंत, "मधी चरखा काढा, यशोदाबाई. चरखा ठावं हाय ना?"

ठावं नसायला काय झालं? लोकर कातणाऱ्याच्या घरात चरखा ठावं नसेल? तुम्ही चित्र दिलं नाहीत आणि मी मागितलं नाही. गांधीजींचा चरखा कसा असतो ते मी काय पाहिलं होतं? माझ्यासमोर ओसरीवर आमचा रहाट होता. सासूबाईंनी माहेरून आणलेला, सहा आऱ्यांचा, त्यातला एक आरा मोडलेला आणि दोरीनं बांधलेला. काळ्या मेंढीच्या लोकरीचा धागा घेतला आणि जसा दिसला तसा काढला. मी कामात कुचराई करत नाही. सहाही आरे काढले. मोडलेला मोडलेला काढला, दोरीचे तीन वेढेसुद्धा काढले.

तुम्ही आलात, झेंडा पसरून पाहिलात आणि पोट धरून हसलात. "ह्यो चरखा न्हाई, ही तर मोडकी खाट हाय!" मल्हारी तुमच्यावर चिडला. म्हणाला, "दादा, ह्योच चरखा. आमच्याकडं असाच असतो." मग तुम्ही म्हणालात, चालेल, लांबून कोण बघतंय. मला तुमचा राग आला होता. आज वाटतं, तेव्हाच म्हणाला असतात की उसवून दुसरा काढा, तर किती बरं झालं असतं. पण तुम्हाला तरी काय ठाऊक? त्यातली चूक तुम्हाला दिसली नाही आणि मलाही नाही. मला ती दिसली त्या सकाळी.

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. दिवस नुकता वर आला होता. मल्हारीनं झेंडा घडी करून कमरेला बांधला, वरून घोंगडी घेतली. मी कातायला बसले, रहाटाला हात लावला आणि माझी नजर त्या दोरीवर गेली. अंगावर काटा आला.

तुम्हाला सांगते का ते. नाक्यावरचा जमादार त्या वर्षात दोनदा आमच्या ओसरीवर येऊन बसला होता, घोंगडीसाठी. दोन्ही वेळा रहाटासमोर. सासूबाईंना म्हणायचा, "अम्मा, ये चाक तो दवाखाने का मरीज दिखता! पट्टी बांधी है इसको." आणि स्वतःच खदखदा हसायचा. दहा गावांत असा रहाट दुसरा नाही. मी आमच्या घराचा पत्ता काळ्या लोकरीनं झेंड्यावर काढून ठेवला होता. तो झेंडा लिंबावर राहिला असता, जमादारानं खाली काढून हातात घेतला असता, तर दुपारपर्यंत आमचं घर राहिलं नसतं. मालक कळप घेऊन लांब होते. घरात मी, सासूबाई आणि पाळण्यात आठ महिन्यांची पोर.

मी मल्हारीला म्हटलं, आज जाऊ नको. तो म्हणाला, "दादांना शब्द दिलाय." म्हटलं, मग झेंडा दे, मी रहाट उसवते. तर वेळ नव्हता, लोक वाटेला लागले होते. मग मी म्हटलं, "लाव. घोषणा द्या. आन् येताना उतरवून आण."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला मेंढरू अर्धवट कातरून सोडायला सांगत होते. "वैनी, लावलेला झेंडा कुनी उतरवतं का? दादा काय म्हनतील?"

मी म्हटलं, "दादांच्या घरी ह्यो रहाट न्हाई."

तरी तो हो म्हणेना. तेव्हा मी उठले. देवापुढच्या वाटीत आदल्या दिवशीचा बेल आणि भंडारा होता. तो त्याच्यापुढे धरला. दादा, तुम्ही पाटलाघरचे, तुम्हाला बेलभंडारा माहीत आहे. पण आमच्या लोकांत तो काय असतो ते वेगळं. कोर्टातली आण माणूस मोडेल. खंडोबाचा भंडारा उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो, मरण आलं तरी. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी वाटी पुढे केली. म्हटलं, "उचल."

त्यानं उचलला. हसून उचलला. कपाळाला लावला आणि म्हणाला, "खंडोबाची आन. तुजा रहाट तुज्या घरी आनीन. आता तरी भाकर दे."

भाकर घेऊन गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गर्दीत, घोषणांत, धावपळीत त्याला विसर पडला. एकोणीस वर्षांचं पोर, ज्या झाडाखाली जन्मभर मेंढरांसाठी हात जोडून उभं राहिलं त्या झाडाच्या शेंड्यावर झेंडा लावून आलेलं. विसरेल नाही तर काय! ओढ्याच्या पलीकडे आठवलं. तुम्ही मनगट धरलंत ते सोडवलं. दादा, तो तुमच्या हातातून सुटला नाही. त्या हातावर आधीच भंडारा होता. तेव्हा तुम्ही हात सोडला, हे ओझं आजपासून खाली ठेवा. ते तुमचं नाही.

नाक्यावरचे शिपाई घोषणा ऐकून आत शिरले होते. तो झाडावर चढला, झेंडा सोडला, कमरेला गुंडाळला, घोंगडी पांघरली, उतरला आणि पंधरा-वीस पावलं चालला. धावला नाही, असं ग्यानबाकाका सांगतात. मेंढरांमागं चालावं तसं चालला. तेवढ्यात एक शिपाई बाहेर आला आणि त्यानं मागून गोळी घातली. काका पुढे झाले, शिपायाच्या पाया पडले, म्हणाले, "चुकलेलं मेंढरू हुडकाया आलतं पोरगं." शिपायांनी घोंगडी उचलून बघितली नाही. प्रेत नेऊ दिलं.

उत्तमरावांनी खिडकीतून सगळं बघितलं होतं. त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. भीतीनं गप्प राहिले की दया आली, देव जाणे. पण ते गप्प राहिले म्हणून आम्ही आज आहोत. हे त्यांना माझ्याकडून सांगा. आणि हेही सांगा की त्यांनी पोराचा हात बघितला, त्याचं तोंड बघितलं नाही. भेदरलेला माणूस मागे येत नाही. भेदरलेली माणसं पुढे पळत होती. तुम्हाला लागेल, पण लिहिते.

प्रेत घरी आलं तेव्हा त्याची घोंगडी मी सोडली, बाकी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. झेंडा निघाला. ओला होता. मी तो लोकरीच्या गाठोड्यात, अगदी तळाशी घातला. संध्याकाळी जमादार आला. ओसरीवर, नेहमीच्याच जागेवर, रहाटासमोर बसला. पाणी मागितलं. मी दिलं. रहाटाकडे बघून त्या दिवशी तो हसला नाही. म्हणाला, "अम्मा, बहुत बुरा हुआ," आणि गेला. त्याच्या पाठीमागे दोन हातांवर ते गाठोडं होतं.

मल्हारीनं शब्द पाळला. माझा रहाट माझ्या घरी आणला. आणि मी अकरा महिने खाली मान घालून लोकर पिंजत बसले.

वऱ्हाडात जाऊन मी मालकांना हे सगळं सांगितलं. मेंढरं पाण्यावर होती. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आईला सांग. मंग मला पुन्यांदा सांग." निघताना पोरीला उचलून घेतलं आणि मैलभर सोबत चालत आले.

सासूबाईंना सांगायला मला चार दिवस लागले. काल दुपारी हे पत्र भंडाऱ्याच्या वाटीपर्यंत लिहून झालं आणि मला वाटलं, आता पुढं लिहायच्या आधी वाचूनच दाखवावं. त्या रहाटावर बसल्या होत्या. मी समोर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. रहाट थांबला नाही. वाटीपाशी आले तरी त्यांचा धागा तुटला नाही. वाचून झालं तरी त्या कातत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

मी कागद खाली ठेवला.

"ग्यानबानं दहाव्याच्या दिशीच सांगितलं. पोरगं मागं कशाला आलं, येवढं मला कळत न्हाई व्हय? सकाळी वाटीतला भंडारा कमी झालेला मी बघितला व्हता."

मी म्हटलं, "मंग बायांना रोज झेंडा चढवताना गेला असं काहून सांगत व्हता?"

त्यांनी रहाट थांबवला. पहिल्यांदा थांबवला. म्हणाल्या, "तू तिथंच बसून ऱ्हायची ना, पोरी. उतरवताना म्हनलं असतं तर बायांनी इचारलं असतं, काहून उतरवला. मंग तुजं नाव आलं असतं. माजं एक लेकरू गेलं. दुसरं मी लोकांच्या तोंडी कशाला देऊ?"

दादा, माझी सासू मला तोंडभर शिव्या देते. भाकर करपली तर माझ्या माहेरच्या सात पिढ्या काढते. ती अकरा महिने रोज, माझ्यासाठी, एक शब्द खोटा बोलत होती आणि मला वाटत होतं की तिला खरं माहीत नाही. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. लोकर डोळ्यांत गेली, असं काल सांगायची गरज पडली नाही.

मग डोळे पुसून त्यांनीच विषय काढला. "आता तूच सांगून राहिली, तर खरंच लिव्हा म्हनावं त्यांना. माज्या पोरानं शब्द पाळला. ते झाकायचं काहून?"

तेव्हा समितीला आमच्या घरचा जबाब हा असा आहे. तुम्ही तो मोठ्यानं वाचून दाखवा, उत्तमरावांसमोर.

दगडावर लिहा, "मल्हारी, वय एकोणीस. यानं झेंडा लावला. घर वाचवायला तो परत आला आणि झेंडा उतरवून घरी नेताना गोळी लागून गेला." शब्द जास्त होत असतील तर दगड मोठा घ्या. आमच्या माळावर दगडांना तोटा नाही. खाली चरखा कोरायचा तर गांधीजींचा नको, आमचा कोरा. सहा आरे, एक मोडका, त्यावर दोरीचे तीन वेढे. पाथरवटाला समजलं नाही तर त्याला आमच्या ओसरीवर पाठवा, जमादाराच्या जागेवर बसून बघेल. मास्तर सांगतात, नव्या झेंड्यावर चरखा राहिला नाही, चक्र आलं आहे. ठीक आहे, चाक तर राहिलं.

समितीला हे मान्य नसेल तर त्यांनी आपला दगड दुसऱ्या कुणासाठी वापरावा. आमचा दगड चंपाषष्ठीला त्या लिंबाखाली बसेलच. मालक येणार आहेत, ग्यानबाकाका येणार आहेत, कळपासकट येणार आहेत. बघू कोण हलवतं ते.

तुम्ही झेंडा हिंगोलीच्या कचेरीत काचेच्या पेटीत ठेवायला मागितला आहे. देणार नाही. गोळीचं भोक मी शिवलेलं नाही आणि शिवणारही नाही. चंपाषष्ठीच्या सकाळी मी तो घेऊन येईन. तुम्ही झाडावर चढा. आता तुम्हाला चढवत नसेल तर शंकरसिंगाला चढवा, पण दोर तुमच्या हातात असू द्या. तुम्ही तो फडकवा. दिवसभर फडकू द्या, सगळ्या मुलखाला माझी मोडकी खाट दिसू द्या. हसायचं असेल तर हसा, त्या दिवशी मीही हसेन.

आणि दिवस मावळायच्या आत तो मी उतरवीन, माझ्या हातानं, सगळ्या लोकांसमोर, आणि घरी घेऊन येईन. मल्हारीनं अर्ध्या वाटेपर्यंत आणला होता.

या पत्रावर माझी सही आहे. शेजारचा अंगठा सासूबाईंचा आहे. शाई संपली म्हणून त्यांनी तो भंडाऱ्यात बुडवून उठवला आहे, पिवळा दिसेल. पुसू नका.

झेंडा शिवणारी आणि उतरवायला लावणारी,
यशोदा

बनाबाई, मल्हारीची आई, यांचा अंगठा